संभाव्यता शिकवताना सूत्राची घाई नको: या चुका टाळा

दहावीच्या गणित भाग 1 मधलं पाचवं प्रकरण संभाव्यतेचं. जीएसटी आणि शेअर्सच्या आकडेमोडीनं दमलेली मुलं इथे येतात आणि पहिल्याच तासाला फळ्यावर सूत्र पडतं: घटनेतल्या घटकांची संख्या भागिले नमुना अवकाशातल्या, म्हणजे शक्य त्या सगळ्या निकालांच्या यादीतल्या, घटकांची संख्या. सूत्र सोपं दिसतं, लगेच पाठ होतं आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात होते. परळ-लालबागची मुलं माझ्याकडे वर्षानुवर्षं शिकायला येतात आणि त्याच त्या चुका घेऊन येतात. त्यांतल्या बऱ्याचशा मुलांच्या नसतातच, पोर्शन संपवायच्या घाईत शिकवणाऱ्यांच्या असतात.

माझं म्हणणं सरळ आहे. सूत्र तिसऱ्या-चौथ्या तासाला येऊ द्या. आधीचे तास मुलांकडून फक्त नमुना अवकाश लिहून घ्या. महिरपी कंस घालून, एकेक निष्पत्ती (म्हणजे एकेक शक्य निकाल), हातानं.

दोन नाणी, तीन निष्पत्ती

दोन नाणी एकदम फेकली तर काय काय येऊ शकतं, असं विचारलं की वर्गातून तीन उत्तरं येतात: दोन्ही छाप, दोन्ही काटा, एक छाप एक काटा. म्हणून प्रत्येकाची संभाव्यता 1/3. यावर बहुतेक ठिकाणी "तीन नाही, चार असतात, लिहून घ्या" एवढं सांगून गाडी पुढे जाते. मूल चार लिहून घेतं. मनातले तीन मात्र जागचे हलत नाहीत आणि फाशांच्या गणितात पुन्हा डोकं वर काढतात.

मुलांचंच कशाला, मोठ्यांचंही तेच होतं. एका क्लासच्या सराव प्रश्नपत्रिकेत नेहमीचाच प्रश्न होता: दोन फासे एकाच वेळी फेकले, तर वरच्या अंकांची बेरीज 7 असण्याची संभाव्यता किती? उत्तरसूचीत छापलं होतं 1/7. माझ्याकडची एक मुलगी ती पत्रिका घेऊन आली. तिचं स्वतःचं उत्तर 1/6 आलं होतं आणि तिनं ते खोडून 1/7 केलं होतं. "बाई, छापलंय म्हणजे बरोबरच असणार ना?"

छापणाऱ्याचं काय झालं होतं ते उघड होतं. त्यानं (1, 6) आणि (6, 1) एकच धरले. तसं धरलं की 36 ऐवजी 21 जोड्या उरतात. त्यांत बेरीज 7 होणाऱ्या तीन: 1 आणि 6, 2 आणि 5, 3 आणि 4. तीन भागिले एकवीस, झाले 1/7. खऱ्या यादीत 36 पैकी 6 आहेत, म्हणजे 1/6. दोन्ही उत्तरं इतकी जवळ की वाचणाऱ्याला संशयही येत नाही. मुलीच्या वडिलांनी क्लासला फोन केला, तेव्हा "आम्ही पुस्तकातलंच सूत्र वापरलंय" असं ऐकायला मिळालं. सूत्र पुस्तकातलंच होतं, त्यात वाद नाही. चुकली होती ती यादी, आणि यादी कुणी लिहिलीच नव्हती.

मी तिला तोंडी काही पटवायला गेले नाही. लुडोच्या डब्यातले दोन फासे काढले, एकाला लाल नेलपॉलिश लावलं आणि सहा बाय सहाचा तक्ता आखायला सांगितला. आडव्या ओळीत लाल फासा, उभ्या रांगेत पांढरा. ती घरं भरत गेली. सगळे सात तिरक्या रेषेत येतात हे तिचं तिलाच दिसलं. मग ती थांबून म्हणाली, "1 आणि 6 ला दोन घरं मिळालीत, 3 आणि 3 ला एकच." एवढं एक वाक्य मुलाच्या तोंडून आलं की माझं काम झालं. ते आपण आधी सांगून टाकलं तर त्याचा उपयोग शून्य.

इथे हुशार मूल विचारतं, "पण दोन्ही फासे अगदी सारखे असले तर?" या प्रश्नाला "मध्ये बोलू नको" म्हणणारे शिक्षक मला सहन होत नाहीत. प्रश्न उत्तम आहे. त्याला सांगा की रंग पुसला म्हणून फासे वेगळे पडायला लागत नाहीत. आपल्याला ओळखता येत नसले तरी ते दोन आहेत आणि आपापले पडतात.

ही चूक करणाऱ्या मुलाला कमी लेखू नका. फ्रेंच गणिती दालांबेर यानं 1754 साली विश्वकोशात लिहिलं की दोन फेकींत किमान एक छाप येण्याची संभाव्यता 2/3 आहे. पहिल्याच फेकीत छाप आली तर पुढे फेकायची गरज नाही, म्हणून त्यानं तीनच निष्पत्ती धरल्या: छाप, काटा-छाप, काटा-काटा. त्या तीन समसंभाव्य, म्हणजे घडण्याची सारखीच शक्यता असलेल्या, नाहीत, आणि बरोबर उत्तर 3/4 आहे. हे सांगितलं की मुलांच्या चेहऱ्यावरचा ताण जातो.

माझी सवय अशी: सुरुवातीला दोन सारखी नाणी मी मुलांच्या हातात देतच नाही. एक रुपया आणि पाच रुपये. रुपयावर छाप पाचावर काटा, आणि रुपयावर काटा पाचावर छाप, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

एवढं शिकलेलं मूल समितीच्या गणितात अडखळतं, त्याचीही तयारी ठेवा. तीन मुलगे आणि दोन मुली यांच्यातून दोघांची समिती करायची. जोड्या होतात 10. पण नुकतंच "क्रम महत्त्वाचा" शिकलेलं मूल 20 लिहितं. लगेच लाल फुली मारू नका. दोन्ही मुली असण्याची संभाव्यता 10 च्या यादीतून 1/10 येते आणि 20 च्या यादीतून 2/20, म्हणजे तीच. एकच व्यक्ती समितीत दोनदा बसू शकत नाही, त्यामुळे 20 च्या यादीत प्रत्येक जोडी नेमकी दोनदा येते. नाण्यांत तसं नाही. छाप-छाप एकदाच येतं, एक छाप एक काटा दोनदा, म्हणून तिथे क्रम सोडता येत नाही. समितीत खरी चूक होते ती अंश क्रम न धरता आणि छेद क्रम धरून मोजल्यावर: 1/20. परीक्षेत क्रम न धरता 10 लिहा, पण कारण कळू द्या.

दोनच शक्यता, म्हणून निम्मी

"आज पाऊस पडेल किंवा पडणार नाही, म्हणून 1/2." जुलैत हे म्हणणाऱ्या मुलाला मी विचारते, मग फेब्रुवारीतही 1/2 का? मुंबईत फेब्रुवारीत छत्री घेऊन कोण निघतं? सूत्र फक्त समसंभाव्य निष्पत्तींना लागू पडतं. पुस्तकात हा शब्द आहे, व्याख्या म्हणून पाठही होतो, पण प्रत्येक गणिताआधी तो प्रश्न म्हणून विचारला जात नाही. विचारा. यादी झाली की प्रत्येक वेळी: यातली प्रत्येक गोष्ट सारख्याच सहजतेनं घडेल का?

उदाहरणं निवडतानाही जपा. चर्चगेटहून पुढची लोकल विरार की बोरिवली, हा यादृच्छिक, म्हणजे निकाल आधी सांगता न येणारा, प्रयोग नाही. ते वेळापत्रकानं ठरलेलं असतं आणि इंडिकेटरवर दिसतं.

वहीतले आकडे सरळ करणं

याचा मला सगळ्यांत जास्त राग येतो. नाणं 20 वेळा फेका आणि नोंदवा, असा उपक्रम देतात. एका मुलाच्या वहीत 13 छाप, 7 काटा अशी प्रामाणिक नोंद होती आणि खाली लाल शाईनं "पुन्हा करा" लिहिलेलं होतं. पुन्हा करून त्यानं 10 आणि 10 लिहिलं, तेव्हा बरोबरची खूण मिळाली. न फेकता लिहिलं होतं, हे त्यानंच मला सांगितलं. म्हणजे प्रयोग करणाऱ्याला शिक्षा आणि बनाव करणाऱ्याला शाबासकी.

20 फेकींत नेमक्या 10 छाप येण्याची संभाव्यता 18 टक्क्यांहूनही थोडी कमी आहे. 40 मुलांच्या वर्गात साधारण सात जणांकडेच 10-10 यायला हवं. सगळ्यांच्या वहीत आलं, तर कुणी नाणं फेकलेलंच नाही. आणखी एक खूण: खऱ्या 20 फेकींत सलग चार वेळा किंवा जास्त तेच येणं अगदी सर्रास घडतं, चाळीसपैकी तीस वह्यांत तरी दिसायला हवं. मनानं लिहिणारं मूल तीनदा छाप लिहिली की घाबरून काटा लिहितं.

यावर उपाय म्हणजे कुणाचाही आकडा न बदलता सगळ्या वर्गाचे आकडे फळ्यावर बेरजेत घ्या. 20 चे 100, 100 चे 800. गुणोत्तर निम्म्याकडे सरकताना मुलं स्वतः पाहतात. ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञ कार्ल पिअर्सन यांच्या नावावर 24,000 फेकींची नोंद आहे, छाप 12,012. हा आकडा त्यानंतर सांगा, आधी नको.

बाकीच्या, थोडक्यात

पत्त्यांची गणितं देण्याआधी खरा जोड हातात द्या. आजच्या बऱ्याच मुलांना किलवर आणि इस्पिकमधला फरक माहीत नसतो. चित्रयुक्त पत्ते 12. एक्का त्यांत धरून 16 लिहिणारी मुलं दर वर्षी असतात.

0, 1, 2, 3, 4 पासून दोन अंकी संख्या बनवताना 01 येत नाही. पुनरावृत्ती नसेल तर 16 संख्या, 20 नाही.

उत्तर 1 पेक्षा मोठं आलं तर आकडेमोड तपासत बसू नका, यादी तपासा.

"तीनदा छाप आली, आता काटा येणारच." नाण्याला आधीचं काही आठवत नाही.

तीन नाण्यांसाठी "दोनाचा तिसरा घात, झाले आठ" हा क्लासमधला शॉर्टकट छेद देतो, अंश देत नाही. मूल आठ लिहून बसतं आणि वरचा आकडा अंदाजानं टाकतं. "किमान एक छाप" विचारलं की हमखास तीन लिहितं, कारण "किमान" वाचून त्यानं "नेमकी" घेतलेलं असतं. आठही निष्पत्ती लिहायला लावा आणि ज्यात एकही छाप नाही ती खोडायला सांगा. एकच खोडली जाते, सात उरतात. एकही छाप नसण्याची संभाव्यता एकातून वजा करायची युक्ती त्यानंतर शिकवा.