टर्मिनलमध्ये चालते, एडिटरमध्ये अडते: या चुका टाळा

रत्नागिरीत घरून काम करताना माझ्यासमोर बहुधा दोन प्रकल्प उघडे असतात. एक हापूसच्या पेट्यांच्या हिशेबाचा, जुन्या जँगोवर (पायथनच्या वेब फ्रेमवर्कवर) चालणारा, आणि दुसरा मासळीच्या आवकेच्या नोंदींचा, नव्या पायथनवरचा. फोल्डर बदलताच एन्व्हायर्नमेंटही (म्हणजे कोणता पायथन आणि कोणती पॅकेजेस वापरायची ती मांडणी) बदलावे म्हणून मी डायरेन्व्ह हे साधन वापरतो. टर्मिनलमध्ये ते बिनचूक चालते. घोळ होतो तो एडिटरमध्ये.

सर्वांत जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे टर्मिनलमधील बदल एडिटरला आपोआप कळतो असे गृहीत धरणे. डायरेन्व्ह शेलच्या, म्हणजे टर्मिनलमध्ये कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, प्रॉम्प्टला जोडलेले असते आणि त्या शेलपुरताच ‘पाथ’ (प्रोग्राम कुठे शोधायचे ती यादी) बदलते. आयकॉनवर क्लिक करून उघडलेला एडिटर त्या शेलमधून सुरू झालेला नसतो, आणि कोणताही प्रोग्राम आपले एन्व्हायर्नमेंट सुरू होतानाच घेत असल्याने नंतर दुसरीकडे झालेला बदल त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. ऐन एप्रिलात, बागायतदारांचे फोन चालू असताना, माझ्या टर्मिनलमध्ये सर्व चाचण्या पास होत होत्या आणि एडिटर मात्र जँगोच्या इम्पोर्टखाली लाल रेघ ओढत होता. मी पॅकेज दोनदा बसवले, तेही योग्य जागीच, म्हणजे दोन्ही वेळा व्यर्थ. शेवटी एडिटरच्या रन बटणाने ‘सिस डॉट एक्झिक्युटेबल’ (चालू असलेल्या पायथनचा पत्ता) छापले, तेव्हा प्रकल्पाच्या नव्हे, सिस्टिमच्या पायथनचा पत्ता आला. ही तपासणी मी आधीच करायला हवी होती.

यावर उपाय म्हणजे एडिटरमध्ये डायरेन्व्हचे एक्स्टेन्शन बसवणे. इमॅक्स हा एडिटर वापरणाऱ्यांनी संपूर्ण एडिटरचे एन्व्हायर्नमेंट बदलणाऱ्या पॅकेजऐवजी प्रत्येक बफरसाठी (उघडलेल्या फाइलसाठी) ते वेगळे ठेवणारे ‘एनव्हीआरसी’ घ्यावे, कारण दोन प्रकल्प शेजारी उघडे असताना पहिल्या प्रकारात एकाचे एन्व्हायर्नमेंट दुसऱ्याच्या गळ्यात पडते. लँग्वेज सर्व्हर (एडिटरसाठी कोड तपासून चुका दाखवणारा प्रोग्राम) आधीच सुरू झालेला असेल, तर तो रीस्टार्ट करावा लागतो. हे मी अजूनही विसरतो.

व्हीएस कोड या एडिटरमध्ये वेगळीच गंमत आहे. सेटिंग्जमधील डीफॉल्ट इंटरप्रिटरचा (कोड चालवणाऱ्या पायथनचा) पत्ता बदलूनही काही घडत नाही, कारण त्या वर्कस्पेससाठी (एडिटरमध्ये उघडलेल्या फोल्डरसाठी) इंटरप्रिटर एकदा निवडला की ती सेटिंग विचारातच घेतली जात नाही. अशा वेळी कमांड पॅलेटमधून ‘सिलेक्ट इंटरप्रिटर’ वापरावे. दोन्ही प्रकल्प ज्यात आहेत तो वरचा फोल्डरच उघडण्याचा मोहही टाळावा, कारण आतल्या फोल्डरमधील सेटिंग्ज मग वाचल्या जात नाहीत.

‘डॉट एनव्हीआरसी’ ही डायरेन्व्हच्या सूचनांची फाइल बदलल्यावर डायरेन्व्ह ती अडवते आणि ‘डायरेन्व्ह अलाउ’ पुन्हा द्यायला लावते. हा त्रास नव्हे, संरक्षण आहे. परक्या रेपॉझिटरीतील अशी फाइल वाचल्याशिवाय परवानगी देऊ नये.

प्रकल्पाच्या फोल्डरचे नाव बदलल्यास आतील व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या प्रकल्पापुरता वेगळा पायथन आणि पॅकेजेस) मोडते, कारण त्यातील स्क्रिप्टमध्ये जुना पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. ते दुरुस्त करत बसू नये. पुसून रिक्वायरमेंट्सच्या फाइलवरून (लागणाऱ्या पॅकेजेसच्या यादीवरून) नवे बनवावे आणि एडिटरमध्ये इंटरप्रिटर पुन्हा निवडावा.