जुन्या पिकअपचे पुढचे-मागचे ब्रेक जुळवताना

रिकामी पिकअप घाटात ब्रेक मारल्यावर मागून सरकते, अशी तक्रार आली की मी मागच्या ब्रेकचा दाब ठरवणाऱ्या लोड व्हॉल्व्हला लगेच हात लावत नाही. आधी टायरची हवा, मग लायनर (ड्रमला घासणारं अस्तर), मग व्हील सिलिंडरची, म्हणजे लायनर ड्रमवर दाबणाऱ्या छोट्या सिलिंडरची गळती. एका बाजूला ऑइल लागलेलं लायनर असेल, तर बाकी सगळी मेहनत वाया.

पुढं डिस्क, मागं ड्रम असेल तर सुरुवात मागून. पुढच्या चाकांना ओट (गाडी सरकू नये म्हणून दगड किंवा ठोकळा) लावा, गाडी स्टँडवर घ्या, हँडब्रेकची केबल सैल करा. लायनर ड्रमजवळ आणणारा अ‍ॅडजस्टर फिरवत चाक घासायला लागेपर्यंत आणा, मग मोकळं फिरेल इतकं मागं घ्या. दोन्ही बाजू सारख्या. ड्रममधली धूळ हवेनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं.

आता चेसीवरचा, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावरचा लोड व्हॉल्व्ह. माल भरला की चेसी अ‍ॅक्सलकडे दबते, व्हॉल्व्हला जोडलेली दांडी हलते आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. आपल्याकडे कांदा, टोमॅटो भरायला जादा पाटा (स्प्रिंगची पट्टी) चढवतात. मग गाडी दबतच नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि सगळा भार पुढच्या ब्रेकवर पडतो. पाटा बदलला असेल तर दांडीचं माप मॅन्युअलप्रमाणे पुन्हा लावा. अंदाजानं वाकवू नका, हात जोडून सांगतो.

शेवटी ब्रेक ऑइलच्या नळ्यांतली एअर काढा आणि मोकळ्या मैदानात तीसच्या वेगानं ब्रेक दाबून पाहा. मागची चाकं पुढच्यांआधी लॉक होत असतील, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.