ओढ्यातले मासे कसे मोजावेत

वलगणीच्या, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीला मासे प्रवाहाविरुद्ध चढण्याच्या, दिवसांत मोजणीला उतरू नका. मासे अंडी घालायला निघालेले असतात, पाणी गढूळ असतं, आणि त्या वेळी दिसलेला मासा त्याच ओढ्यात राहणारा असेल याची खात्री नसते. सह्याद्रीतल्या ओढ्यांना नोव्हेंबर ते जानेवारी हा काळ योग्य. परवानग्या काढल्या आहेत असं धरतो.

साधारण ५० मीटरचा पट्टा निवडा; त्यात डोह हवा आणि खळाळही. मळ्या हा छोटा मासा हनुवटीखालच्या चकतीनं खडकाला धरून धारेत राहतो. नुसत्या डोहात जाळं फिरवून 'इथे मळ्या नाही' असं लिहिणं साफ चूक.

आता पट्ट्याची दोन्ही तोंडं बारीक जाळ्यानं बंद करा. खरी मेख इथेच आहे. बंद पट्ट्यात जाळं फिरवून मिळालेले मासे बाहेर काढून ठेवायचे, ही एक फेरी; म्हणून दर फेरीला आकडा उतरायला हवा. एका ओढ्यावर मला पहिल्या फेरीत ३१ मासे मिळाले, दुसरीत २९, तिसरीत ३४. ओढा समृद्ध आहे म्हणून मी खूश होतो! प्रत्यक्षात जाळ्याचा खालचा दोर दगडांवर अधांतरी राहिला होता आणि फटींतून बाहेरचे मासे आत येत होते. तेव्हापासून मी हातभर जादा जाळं ठेवतो, ते प्रवाहाच्या वरच्या बाजूला तळावर पसरतो आणि त्यावर दगड रचतो. मग पाण्यात हात घालून या काठापासून त्या काठापर्यंत चाचपतो. वरून बघून फट दिसत नाही. दर फेरीआधी पालापाचोळा काढा. तो साचला की पाणी तुंबतं आणि जाळं उचललं जातं.

तीन फेऱ्या करा: तीच माणसं, तीच जाळी, तेवढाच वेळ. दमलात म्हणून तिसरी फेरी उरकू नका. पकडलेले मासे सावलीत, पाणी बदलत बादल्यांमध्ये ठेवा. बॅटरीचा शॉक अजिबात नको.

पहिल्या फेरीत ६० आणि दुसरीत ३० मिळाले, तर ६० चा वर्ग भागिले ६० आणि ३० मधला फरक, म्हणजे अंदाजे १२० मासे. तिसरीत १५ च्या आसपास मिळायला हवेत. आकडे उतरले नाहीत तर ती मोजणी फेकून द्या. एकाच फेरीवर ओढ्याचं भवितव्य ठरवणारे अहवाल मी मानत नाही.

जातवार नोंद, ओल्या हातानं हाताळणी, फोटो, आणि तिसऱ्या फेरीनंतर सगळे मासे त्याच पट्ट्यात परत. गप्पी वेगळे मोजा, ते इथले नव्हेत.

बंधारा असेल तर त्याच्या खाली आणि वर असे दोन पट्टे घ्या. दोन्हीकडे तळ आणि धार सारखी असून मळ्या खाली भरपूर, वर एकही नाही, असं दोन-तीन वर्षं दिसलं तर बंधाऱ्यातून माशांना वाट मागायला हेच आकडे घेऊन ग्रामसभेत जा.