माळ्यावरची जुनी शिलाई मशीन पुन्हा चालती कशी करावी

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यातील जुन्या घरांमध्ये माळ्यावर किंवा परसदारच्या खोलीत एखादी काळी, सोनेरी वेलबुट्टीची शिलाई मशीन हमखास सापडते. कुणाच्या आजीने तिच्यावर झंपर शिवलेले असतात, कुणाच्या घरी तिच्यावर वाकळी शिवून झालेल्या असतात, आणि कधीतरी चाक फिरेनासे झाले म्हणून ती बाजूला सरकवलेली असते. अशा मशीनचे ओतीव लोखंड आणि पोलादी दांडे सहसा शाबूत असतात. वाळलेले असते ते तेल, आणि बिघडलेली असते ती कुणीतरी घाईने फिरवलेली एखादी स्क्रूची जागा. त्यामुळे दुरुस्तीचा क्रम महत्त्वाचा आहे. आधी साफसफाई, मग तेल, मग नवी सुई, मग दोरा ओवण्याची तपासणी, आणि या चारही गोष्टी झाल्यावर तक्रार उरलीच तर स्क्रूला हात लावावा. पुष्कळ जण नेमके उलट्या बाजूने सुरुवात करतात, टेन्शनचा, म्हणजे दोऱ्याचा ताण ठरवणारा, स्क्रू पिळतात आणि मूळ दोष होता त्याच्या शेजारी दुसरा उभा करतात.

मशीन ओळखून घ्यावी

सिंगर असेल तर बैठकीच्या उजव्या बाजूला कोरलेला क्रमांक शोधावा. १९०० पासून बहुतेक सिंगर मशीनच्या क्रमांकाआधी इंग्रजी अक्षर येते. नुसते आकडे असतील तर मशीन त्याहून जुनी असण्याची शक्यता मोठी आहे. भारतात आलेल्या कितीतरी सिंगर मशीन स्कॉटलंडमधील क्लाइडबँकच्या कारखान्यात तयार झालेल्या आहेत. उषा मशीन १९३० च्या दशकापासून कलकत्त्यात जय इंजिनिअरिंग वर्क्सने बनवायला घेतली, आणि तिची रचना सिंगरच्या पंधरा नंबरच्या मॉडेलच्या घराण्यातली असल्यामुळे एकीचे कितीतरी भाग दुसरीला चालतात.

दुरुस्तीच्या दृष्टीने खरा प्रश्न खालचा दोरा गुंडाळलेली बॉबिन गोल आहे की लांब, एवढाच आहे. गोल बॉबिन आणि डावीकडून बसणारी बॉबिन केस (बॉबिन ठेवायची धातूची डबी) असेल तर बेळगावच्या किंवा कोल्हापूरच्या बाजारात सुटे भाग मिळतात, कारण लुधियानात ते आजही बनतात. काडीसारखी लांब बॉबिन आणि वरच्या दोऱ्याचा फास पकडणारे, पुढेमागे झुलणारे शटल असेल तर मशीन सुंदर शिवते, पण तिचे शटल हरवले की शोधाशोध करावी लागते. म्हणून ते पहिल्याच दिवशी डबीत घालून नाव लिहून ठेवावे. जुन्या सिंगरमध्ये 'लाल पारा' असतो या अफवेने २००९ मध्ये सौदी अरेबियात या मशीनचे भाव आकाशाला भिडले होते. तसले काही तिच्यात नसते, आणि तशा आशेने कुणी सुईची दांडी उपसून पाहिली असेल तर तो भाग आधी तपासावा.

मशीन कुठे पडून होती, यावरही दोष कळतो. जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात राहिलेल्या मशीनची सुईची दांडी, दाबाचा पाय आणि सरकपट्टी गंजलेली असते. अथणी, रायबागकडे गंज कमी, पण तेलात मुरलेली मातीची धूळ घट्ट लेप होऊन बसते. वडगाव, शहापूरच्या यंत्रमागांशेजारच्या घरांत कापड पुढे सरकवणाऱ्या दात्यांच्या खाली कापसाची भुसी इतकी दाबून बसते की ती काढल्यावर नमद्याची चकती हातात येते.

उघडण्याआधी

मोबाइलवर चारही बाजूंनी छायाचित्रे काढावीत, आणि प्रत्येक भाग काढण्यापूर्वी पुन्हा एक काढावे. स्क्रू ज्या क्रमाने निघतील त्या क्रमाने कागदावर मांडावेत. जुन्या मशीनचे आटे बाजारातल्या साध्या स्क्रूला जुळत नाहीत, म्हणून हरवलेला स्क्रू ही लहान बाब नव्हे. पेचकस खाचेच्या पूर्ण रुंदीचा असावा. अरुंद पेचकसाने खाच सोलवटते आणि मग तो स्क्रू कायमचा अडतो.

पायमशीन असेल तर मशीनचे डोके, म्हणजे वरचा भाग, मागे कलंडवण्याआधी चामडी पट्टा चाकावरून उतरवावा आणि मागे आधाराला लाकडी ठोकळा ठेवावा. बिजागरीचे स्क्रू सैल असतील तर डोके सुटून पायावर येते, आणि त्याचे वजन हलके नसते.

बाहेरची सफाई करताना काळ्या रंगावरच्या सोनेरी नक्षीला जपावे. जुन्या मशीनवर नक्षीच्या वर लाखेचा पातळ थर असतो आणि स्पिरिट लावले की तो विरघळतो. पाठोपाठ नक्षी उडते. भांड्यांची पूड, अमोनियाचा क्लीनर, काथ्या यांपैकी काही वापरू नये. मऊ सुती फडक्यावर मशीनचे तेल घेऊन हळूहळू पुसावे, काळा मळ फडक्यावर येत राहतो, फडके बदलत राहावे. घाई नसेल तर या कामाला एक संध्याकाळ द्यावी.

तेल: इथेच निम्मी दुरुस्ती होते

आपल्याकडे मशीन जाम होण्याचे सर्वांत मोठे कारण म्हणजे घरातले खोबरेल किंवा गोडेतेल. ते काही महिने चांगले चालते, मग पिवळट चिकट थर होतो आणि शेवटी डिंकासारखा कडक बनतो. सुईच्या दांडीवर पिवळी किंवा तपकिरी चकाकी दिसली की ती गंज नसून वाळलेले तेल आहे, असे समजावे.

डावीकडची तोंडपट्टी (सुईच्या दांडीवरचे झाकण) एका स्क्रूवर सुटते, ती काढावी. मागच्या बाजूला गोल झाकण असेल तर तेही सरकवावे, आणि मशीन कलंडवून खालचे सांधे उघडे करावेत. जिथे धातूवर धातू घासतो त्या प्रत्येक जागी, आणि वरच्या प्रत्येक तेलाच्या छिद्रात, रॉकेलचे दोन-तीन थेंब टाकावेत. रॉकेल मिळत नसेल तर गंज सोडवणारा फवारा चालतो, मात्र तो रंगावर उडू देऊ नये. जवळपास विस्तव किंवा पेटता स्टोव्ह नसावा. थेंब टाकून रात्रभर सोडावे, सकाळी चाक हाताने थोडे पुढे-मागे हलवून पाहावे. हलत नसेल तर त्या सांध्यावर केस वाळवण्याचा ड्रायर पाच मिनिटे धरावा. वाळलेले तेल उबेने मऊ होते. हातोडी कधीही उचलू नये. चाक सुटले की काळे पाणी गळायला लागते, ते पुसून पुन्हा थेंब टाकावेत, आणि पुसलेले फडके स्वच्छ निघेपर्यंत हे चालू ठेवावे.

रॉकेलने मळ सुटतो, पण वंगण राहत नाही. म्हणून शेवटी प्रत्येक जागी शिलाई मशीनचे पातळ पांढरे तेल एक-एक थेंब घालावे आणि चाक पाच-दहा मिनिटे फिरवावे. चामडी पट्ट्यावर, टेन्शनच्या चकत्यांमध्ये आणि बॉबिन भरण्याच्या रबरी कड्यावर मात्र तेल लागू देऊ नये, तिथे पकड हवी असते.

तरीही चाक जड किंवा जाम असेल

चाकाच्या मधला मोठा गोल स्क्रू सैल करावा, म्हणजे चाक मशीनपासून सुटे होते. आता चाक एकटे सहज फिरत असेल तर अडचण आत आहे; एकटे फिरतानाही जड असेल तर चाकाच्या भोकातच तेल वाळले आहे, किंवा बॉबिन भरण्याची चकती चाकाला चिकटून राहिली आहे. आतली अडचण बहुतेकदा शटलच्या घरात असते. सुई वर घेऊन बॉबिन केस काढावी, शटल धरणारी कडी दोन स्क्रूंनी किंवा दोन खिट्ट्यांनी बसवलेली असते ती सोडवावी, आणि शटल बाहेर घ्यावे. त्याच्या मागे तुटलेल्या दोऱ्याचे दोन-तीन वेटोळे आढळले नाहीत तरच नवल. ते चिमट्याने काढून घर पुसावे, तेलाचा एकच थेंब द्यावा.

चाक परत बसवताना एक बारकावा ध्यानात ठेवावा. गोल स्क्रूच्या मागे तीन पाकळ्यांची एक चपटी चकती असते. स्क्रू घट्ट करूनही चाक नुसतेच फिरते आणि सुई हलत नाही, किंवा सैल करूनही चाक सुटत नाही, अशी तक्रार या चकतीमुळे येते. ती काढून अर्धा वळसा फिरवून बसवली की काम होते. या एका चकतीपायी चांगल्या मशीनला 'क्लच गेला' असे सांगितले जाते.

सुई आणि दोरा

सुई जुनी वाटो वा नवी, बदलावी. घरगुती मशीनला एका बाजूने चपट्या खुंटीची सुई लागते. कारखान्यातल्या जलद मशीनची गोल खुंटीची सुई दिसायला सारखी असली तरी ती चालत नाही. साध्या सुती कापडाला १४ नंबर, जाड कापडाला किंवा वाकळीला १६ ते १८, तलम कापडाला ११ घ्यावी. सुई वरपर्यंत ढकलूनच स्क्रू आवळावा. सुईच्या अंगावर एका बाजूला लांब खोबण असते. दोरा ज्या बाजूने ओवायचा त्या बाजूला ती यावी. सुईच्या अगदी वरची शेवटची दोऱ्याची कडी ज्या बाजूला आहे, तीच ती बाजू. आपल्याकडे उलटी बसवलेली सुई हे टाके सुटण्याचे पहिले कारण असते आणि ते शेवटी तपासले जाते.

वरचा दोरा दाबाचा पाय उचललेला असतानाच ओवावा, कारण पाय खाली असला की टेन्शनच्या चकत्या बंद असतात आणि दोरा त्यांच्यात शिरतच नाही, वरवर बसतो. त्या चकत्यांमध्ये भुसी अडकलेली असते. दुमडलेल्या सुती कापडाची कडा त्यांच्यामधून ओढून घ्यावी. चाक नेहमी आपल्याकडे फिरवावे. पायमशीनवर नवशिक्याकडून ते उलटे फिरते आणि दोऱ्याचा गुंता शटलमध्ये जातो.

टाका वाचणे

आता वर लाल आणि बॉबिनला पांढरा दोरा घालून सुती कापडाच्या दोन पदरांवर शिवून पाहावे. दोन्ही दोऱ्यांची गाठ पदरांच्या मधोमध पडली पाहिजे. पांढरा ठिपका वर दिसला तर वरचे टेन्शन जास्त किंवा खालचे कमी आहे. खाली लाल ठिपके असतील तर वरचे टेन्शन सैल आहे. खाली ढिगाने लाल फासे पडत असतील तर बॉबिनला दोष देऊ नये, तो दोष वरचाच असतो: दोरा चकत्यांच्या बाहेर आहे किंवा पाय खाली केलेला नाही.

बॉबिन केस तपासण्याची जुनी रीत अशी. दोरा भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवावी. ती आपोआप घसरू नये, पण हाताला हलका झटका दिल्यावर बोटभर खाली यावी. तसे होत नसेल तर केसच्या पट्टीवरच्या दोन स्क्रूंपैकी मोठा, मधला स्क्रू अगदी थोडा, घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांएवढा फिरवावा आणि पुन्हा पाहावे. लहान स्क्रू पट्टी धरून ठेवतो, त्याला हात लावू नये.

टाके सुटत असतील, सुई नवी आणि सरळ असेल, तर सुईखालची पट्टी काढून चाक हाताने फिरवावे. सुई सर्वांत खाली जाऊन सुमारे दोन ते अडीच मिलिमीटर वर आली की शटलचे टोक तिच्यामागून, नेढ्याच्या जरा वरून गेले पाहिजे. ते नेढ्याच्या खालून किंवा फार वरून जात असेल तर सुईची दांडी सरकलेली आहे. तोंडपट्टीच्या आत तिला धरणारा स्क्रू असतो. दांडीवर आधी पेन्सिलने खूण करून मगच तो सैल करावा. हे काम जमेल याची खात्री नसेल तर गावातल्या जुन्या मेकॅनिककडे जावे, त्याच्या हाताला ती जागा माहीत असते.

दोरा सारखा तुटत असेल तर पट्टीच्या भोकावरून आणि शटलच्या टोकावरून नायलॉनचा जुना मोजा फिरवावा. जिथे धागा अडकेल तिथे ओरखडा आहे; अगदी बारीक पॉलिश कागदाने तो घासून गुळगुळीत करावा. कापड पुढे सरकत नसेल तर टाक्याची लांबी ठरवणारा दांडा शून्यावर आहे का ते पाहावे, मग पट्टी काढून दात्यांमधली भुसी खरवडावी. दाते वर आल्यावर पट्टीच्या वर पूर्ण दिसले पाहिजेत.

पाय, पट्टा आणि मोटर

पायमशीनचा खालचा लोखंडी गज दोन्ही टोकांना तेल मागतो. खडखड आवाज येतो तो बहुधा तिथूनच. चामडी पट्टा सुमारे पाच मिलिमीटर जाडीचा घ्यावा. तो नवा असताना ताणतो, म्हणून पहिल्या आठवड्यानंतर अर्धा-पाऊण इंच कापून तारेची कडी पुन्हा अडकवावी. फार घट्ट पट्ट्याने मशीन जड चालते आणि दोष तेलाला दिला जातो. नंतर जोडलेली मोटर असेल तर तिच्या वायरचे जुने कापडी किंवा रबरी आवरण चिरलेले नाही ना ते पाहावे. चिरलेले असेल तर प्लग लावण्याआधी वायर बदलून घ्यावी.

पावसाळ्यात

जूनच्या आधी उघड्या चकाकत्या भागांवर तेलाचे बोट फिरवावे, आणि मशीनवर प्लास्टिक न घालता सुती कापड घालावे, कारण प्लास्टिकखाली ओल कोंडते. दाबाच्या पायाखाली कापडाचा तुकडा दाबून ठेवण्याची सवय कोरड्या दिवसांत चांगली, पण पावसात तोच तुकडा ओल धरतो आणि पट्टी गंजते. तो काढून पाय वर उचलून ठेवावा. आठवड्यातून एकदा चाकाला वीस-पंचवीस वळसे द्यावेत, आणि शिवायला बसल्यावर पहिले काही टाके चिंधीवर घालावेत, म्हणजे जास्तीचे तेल शाळेच्या पांढऱ्या सदऱ्यावर उतरत नाही.