शब्द पाठ होते, पण ओळखीचे नव्हते

महाराष्ट्रात 2000 पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. कोल्हापुरातील माझ्या दुसरीच्या वर्गातली मुले भाज्यांची इंग्रजी नावे तालात म्हणत, पण हातात वांगे दिले की गप्प होत. म्हणून कपिलतीर्थ मंडईतून भाजी आणून मी वर्गातच बाजार मांडला. ‘ब्रिंजल प्लीज’ असे मागितल्याशिवाय विक्रेत्याने भाजी द्यायची नाही, एवढाच नियम. प्रारंभी चुकणारा बाद होई आणि ज्याला सरावाची सर्वाधिक गरज, तोच कोपऱ्यात बसून राही, हे माझ्या उशिरा लक्षात आले. आता चुकलेले मूल शेजाऱ्याला विचारून पुन्हा रांगेत येते. दोन दिवसांनी तीच भाजी पिशवीत घालून स्पर्शाने ओळखायला लावते. परवा एका अबोल मुलीने देठाचे काटे चाचपून ‘ब्रिंजल’ म्हटले.