सगळ्यांनी मिळून सेवा डिझाईन करताय? संमती, मोबदला आणि ‘आयडिया कुणाची’ हे आधी ठरवा

पुण्यात हल्ली काहीही सुधारायचं म्हटलं, बसस्टॉप असो, ओपीडीची रांग असो नाहीतर सोसायटीतला कचरा, की आधी एक वर्कशॉप ठरतं, भिंतीवर चार्ट पेपर लागतात, रंगीत चिठ्ठ्या येतात आणि सेवा देणारे, वापरणारे, डिझाईनवाले सगळे एकत्र बसतात. चांगलंच आहे ते. पण कुणाचं बोलणं कुठे जाणार, फोटो कुठे लागणार आणि निघालेली आयडिया कुणाच्या नावावर जमा होणार हे बहुतेक वेळा रिपोर्ट छापायला जाताना आठवतं, आणि तोवर ज्यांनी माहिती दिली ते घरी गेलेले असतात. म्हणून पहिली चिठ्ठी चिकटायच्या आधी काय काय उरकायचं ते बघू.

उदाहरण म्हणून एक काल्पनिक प्रोजेक्ट धरा: कोथरूडची एक सोसायटी कचरा गोळा करायची पद्धत बदलतेय. टेबलाभोवती कमिटीचे दोघं, रोज येणाऱ्या कचरावेचक ताई, महापालिकेचे आरोग्य निरीक्षक, बाणेरचा एक ॲपवाला स्टार्टअप आणि डिझाईन कॉलेजची पोरं.

१. कोण कुणासमोर बोलू शकत नाही ते आधी बघा

ताईंचं काम सोसायटीच्या मर्जीवर आहे. चेअरमन शेजारी बसलेले असताना ‘ओला-सुका कुणी वेगळा करतच नाही’ असं त्या कशाला म्हणतील? त्यांच्याशी वेगळं बसा, सकाळची फेरी संपल्यावर, त्यांना सोयीच्या ठिकाणी, आणि कमिटीपुढे जाताना मुद्दे नावाशिवाय न्या. पण वेचक दोघीच असतील तर नाव काढूनही सगळ्यांना कळतं कोण बोललं, अशा वेळी तो मुद्दा न्यायचा की नाही हे त्यांनाच विचारा.

पुण्यात वेचकांची संघटना आहे, कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत १९९३ पासून काम करतेय, आणि ‘स्वच्छ’ ही तर वेचकांचीच सहकारी संस्था. आधी तिथे बोला. मात्र संघटना ‘हो’ म्हणाली म्हणजे प्रत्येकीचं ‘हो’ मिळालं असं होत नाही, ते एकेकीला वेगळं विचारावंच लागतं.

आणि पैसे. डिझायनरला फी, स्टार्टअपवाल्याला पगार, आणि ताईंना चहा-वडापाव, हे मला तरी पटत नाही. बुडालेल्या वेळेचं मानधन द्या आणि ते सुरुवातीलाच हातात द्या, शेवटी देणार म्हटलं की मधेच उठून जायची मोकळीक राहत नाही.

२. एका सहीत सगळं उरकू नका

‘मी या उपक्रमात सहभागी होण्यास संमती देतो/देते’ आणि खाली सही, या एका ओळीने काहीच कळत नाही. गोष्टी सुट्या करा आणि प्रत्येकीपुढे हो-नाहीचा चौकोन ठेवा:

- मी बोलेन ते लिहून घेतलं तर चालेल
- आवाज रेकॉर्ड केला तर चालेल
- फोटो काढला तर चालेल (फक्त टीमसाठी / रिपोर्टमध्ये / सोशल मीडियावर, तिन्ही वेगळे)
- माझं नाव छापलं तर चालेल
- पुढच्या प्रोजेक्टसाठी मला फोन केला तर चालेल

फोटोला नाही म्हटलेली व्यक्ती वर्कशॉपला बसू शकली पाहिजे, नाहीतर ती संमती कसली. कागद साध्या मराठीत ठेवा आणि ज्यांना वाचायचं अवघड जातं त्यांना वाचून दाखवा, तेही कमिटीतल्या कुणी नाही, तिसऱ्याच माणसाने. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ हेच सांगतो, की संमती मोकळेपणाने, समजून-उमजून, ठरावीक कामापुरती दिलेली हवी आणि ती मागे घेणं देण्याइतकंच सोपं हवं. माहितीची नोटीस मराठीतून मिळायची सोय हवी हेही त्यात आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतायत, पण थांबायचं कारण नाही. १८ वर्षांखालची मुलं असतील तर पालकांची संमती लागते.

मागे घ्यायचं म्हणजे प्रत्यक्षात काय करायचं? प्रत्येकाला एक नंबर द्या, चिठ्ठीच्या कोपऱ्यात तोच नंबर, रेकॉर्डिंगच्या फाईललाही तोच, मग कुणी ‘माझं काढून टाका’ म्हणालं तर शोधता येतं. आणि खरं सांगा, की अमुक तारखेला रिपोर्ट छापायला जाईल, त्यानंतर छापलेल्या प्रतीतून काढता येणार नाही.

दोन गोष्टी हमखास राहतात. एक, व्हॉट्सॲप ग्रुप. सगळ्यांना ग्रुपमध्ये टाकलं की ताईंचा नंबर अख्ख्या कमिटीकडे जातो. दुसरी, रेकॉर्डिंग एआय टूलमध्ये टाकून टाईप करून घेणं. टाकणार असाल तर आधी सांगा आणि त्यासाठीही वेगळा चौकोन ठेवा.

३. आता आयडिया कुणाची

इथे जरा सावकाश वाचा. समजा ताईंनी सांगितलं की त्या वरच्या मजल्यापासून उतरत येतात आणि जड ओला कचरा शेवटी उचलतात, आणि स्टार्टअपने त्याच क्रमावर ॲपमधलं एक फीचर बनवलं. कायद्याने ताईंना काय मिळणार? जवळपास काहीच नाही. १९५७ चा कॉपीराइट कायदा मांडणीला संरक्षण देतो, कल्पनेला नाही. लिहिलेला मजकूर, काढलेलं चित्र, कोड यांना कॉपीराइट आहे, युक्तीला नाही. पेटंटचा रस्ताही बंद, कारण धंद्याची पद्धत आणि नुसता कम्प्युटर प्रोग्रॅम आपल्याकडे पेटंट होत नाही. म्हणजे ताईंना श्रेय किंवा वाटा मिळायचा असेल तर तो तुमच्या करारातूनच मिळेल, आणि करार वर्कशॉपच्या आधी झाला तरच, कारण युक्ती एकदा सांगून झाली की त्यांच्या हातात काही उरत नाही.

एका पानाचा तक्ता पुरतो. पहिल्या रकान्यात कोण काय घेऊन आलं (स्टार्टअपचा कोड, कॉलेजची टेम्प्लेट्स, ताईंची कामाची पद्धत, हो, तीही लिहा), दुसऱ्यात वर्कशॉपमधून नवं काय निघेल, तिसऱ्यात ते कोण, कशासाठी वापरू शकतो, आणि चौथ्यात त्यातून पैसे आले तर काय. ‘सगळ्यांची सामायिक मालकी’ ऐकायला गोड वाटतं, पण मग पुढे कुणाला वापरायला द्यायचं तर सगळ्यांच्या सह्या गोळा करत फिरा. त्यापेक्षा मालक एक ठेवा आणि बाकीच्यांना कायमचा, फुकट वापराचा हक्क लिहून द्या, किंवा सगळंच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली, म्हणजे ठरलेल्या अटींवर कुणालाही वापरू देणाऱ्या तयार परवान्याखाली, खुलं करा. खुलं करणार असाल तर ताईंना समजावून सांगा की दुसरी कंपनीही ते वापरू शकेल.

काही बारकावे आहेत, ज्यात लोक अडकतात. फ्रीलान्स लेखकाला किंवा कोडरला पैसे दिले म्हणजे कॉपीराइट तुमचा झाला असं नाही, नोकरीतल्या माणसाचं वेगळं, बाहेरच्याकडून हक्क लेखी आणि सहीनिशी घ्यावे लागतात. त्या कागदावर मुदत लिहिली नाही तर ५ वर्षं धरली जातात आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. पैसे देऊन फोटोग्राफर बोलावला तर फोटो सहसा बोलावणाऱ्याचे, पण कॉलेजच्या पोराने हौसेने स्वतःच्या फोनवर काढलेले फोटो त्याचे. विद्यार्थी असतील तर कॉलेजचे स्वतःचे काही नियम आहेत का तेही बघून घ्या.

वर्कशॉपमधून ढकलगाडीला लावायचा एखादा नवीन हुक वगैरे, म्हणजे खरीखुरी वस्तू निघाली तर ती इन्स्टाग्रामवर टाकायची घाई नको. आधी जगजाहीर केलं की पेटंट किंवा डिझाईन नोंदणी बहुतेक हातची जाते. पेटंटसाठी तात्पुरता अर्ज आधी करता येतो, मग पूर्ण अर्जाला १२ महिने मिळतात.

४. छापायच्या आधी परत जा

मसुदा तयार झाला की ज्यांचं बोलणं त्यात आहे त्यांना त्यांचा भाग वाचून दाखवा. बदल सांगितले तर करा. नाव छापायचं की नाही हे पुन्हा विचारा, आधी हो म्हणालेली बाई कमिटीबद्दलचा परिच्छेद ऐकून नको म्हणू शकते आणि उलटंही होतं, आधी लाजलेली म्हणते माझं नाव पूर्ण लिहा, नवऱ्याचं नको, आईचं लावा. तक्रार करायची तर कुणाकडे, तो एक फोन नंबर संमतीपत्राच्या तळाशी असू द्या, आणि तो स्टार्टअपचा किंवा कमिटीचा नको. संमतीपत्राची एक प्रत त्यांच्याकडे ठेवा, व्हॉट्सॲपवर फोटो काढून पाठवली तरी चालेल.