पट्टेकऱ्याला 'दम' किती द्यायचा? क्लासचा रिसोर्स बॅलन्स करायची सरळ पद्धत

आमच्या बेळगावात जी पोरं ऑनलाईन आरपीजी (एखादं पात्र घेऊन खेळायचे गेम) बनवायला बसलेत ती सगळी एकच करतात बघा, आधी डॅमेजचे (घावानं समोरच्याचं किती नुकसान होणार त्याचे) आकडे टाकतात आणि रिसोर्स, म्हणजे घाव घालायला खर्च होणारी मॅना, एनर्जी काय असेल ते शेवटी चिकटवतात. उलटं करा की. घाव किती बसणार हेच ठरलं नसेल तर एका घावाला किती डॅमेज द्यायचं ते कुठनं ठरवणार?

दांडपट्टा घेतलेला क्लास (पात्राचा प्रकार) धरूया, पट्टेकरी. रिसोर्सचं नाव दम. कमाल 100, सेकंदाला 8 भरतो, एका घावाला 30 जातो, आणि दोन घावांत कमीत कमी दीड सेकंद. आता वही घ्या. 10 सेकंदांची मारामारी: सुरुवातीचे 100 आणि भरलेले 80, म्हणजे 180, सहा घाव. 60 सेकंदांची: 100 आणि 480, म्हणजे 580, एकोणीस घाव. वेळ सहापट, घाव जेमतेम तिप्पट! म्हणजे हा गडी पीव्हीपीत (प्लेअर विरुद्ध प्लेअर, झटपट मारामारीत) समोरच्याला उभा चिरणार आणि बॉसपुढं (लांब चालणाऱ्या तगड्या शत्रूपुढं) हात चोळत बसणार, मग पीव्हीपीवाले ओरडणार नर्फ करा, म्हणजे कमजोर करा, रेडवाले (जमून बॉस मारणारे) ओरडणार बफ करा, म्हणजे ताकद वाढवा, आणि गंमत म्हणजे दोघंबी खरंच बोलत असतात. डॅमेज खालीवर करून हे सुटत नाही, कारण टाकी (कमाल दम) मोठी आणि नळ (सेकंदाला भरणारा दम) बारीक झालाय.

टाकी 60 करा, नळ 9. आता 10 सेकंदांत पाच घाव, 60 सेकंदांत वीस. लई फरक पडला, पण थांबा, बॉस जर मधेच 8 सेकंद लांब पळायला लावत असेल तर 60 ची टाकी सात सेकंदांच्या आतच भरते आणि पुढचा दम वाया, प्लेअरची काही चूक नसताना. म्हणून 75 ठेवा. हिशोब करून बघा, तेच पाच आणि वीस घाव येतात आणि पळापळीतला दमबी वाचतो. टाकीचा आकार असा ठरवायचा, 100 दिसायला गोल आकडा आहे म्हणून नाही.

मग दम संपल्यावर काय? 75 वर तीन घाव सलग जातात, चौथ्याला थोडं थांबावं लागतं, त्यानंतर सव्वातीन सेकंदांहून थोड्या जास्त वेळानं एक. टेस्टिंगला बसलात की आकडे सोडा आणि समोरच्याची बोटं बघा. आमच्यात खानापूरचा एकजण दमाचा बार (स्क्रीनवरची पट्टी) रिकामा असताना कीबोर्डची तीच की टकटक टकटक बडवत होता आणि हेडफोनमधनं 'दम इल्ला रे, दम इल्ला' (दम नाही रे) चाललेलं. बोटं अशी बडवायला लागली की समजायचं, मधल्या वेळात करायला कायच दिलेलं नाही. एक फुकटचा हलका वार द्या, नाहीतर ढाल, जी नीट टायमिंगला लागली तर 10 दम परत देते, सहा सेकंदांतनं एकदाच. पण हे 10 हिशोबात धरायला विसरू नका, मिनिटाला 100 होतात, म्हणजे वीसाचे तेवीस घाव. परत वही.

दम परत देताना तो डॅमेजला बांधू नका. वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट या गेममधी वॉरियर क्लासचा रेज (त्याचा दमच म्हणा) पूर्वी डॅमेजवर चालायचा, त्यामुळं भारी गिअरवाल्याला (हत्यारं-चिलखत चांगलं असलेल्याला) रेजचा पूर आणि नव्या पोराला दुष्काळ, शेवटी 2010 च्या कॅटॅक्लिझम या नव्या भागामधी त्यांनी तो नीट बसवला. गिअरनं डॅमेजबी वाढतंय आणि घावबी, मग आवरणार कोण? एका हिटला ठरलेला आकडा द्या, विषय संपला.

आणि उलट केस, दम कधी संपतच नसेल तर? काढून टाका सरळ. फायनल फँटसी चौदा या गेमनं 2019 ला शॅडोब्रिंगर्स या नव्या भागामधी टीपी (तिथला दमासारखा रिसोर्स) काढलाच की, कुणी रडत बसलं नाही फारसं. ज्या बारकडं बघून प्लेअर काही ठरवत नाही तो बार नुसती स्क्रीनवरची जागा खातो.

डॅमेज आता भरा. आणि टेस्टला एकजण मोबाईलच्या हॉटस्पॉटवर खेळणारा घ्याच, निपाणीकडच्या खेड्यातला असला तर बेस्ट. त्याचा घाव लॅगमुळं (नेट अडकल्यानं) उशिरा जातो, दोन घावांतलं अंतर दीड सेकंदाच्यावर जातं. दीड सेकंद संपायच्या थोडं आधी दाबलेलं बटण गेमनं लक्षात ठेवायची सोय केली की त्याचं बऱ्यापैकी भागतं.